मास्तर, तुम्ही बाही उलटी केलीत

बेळगाव कॅम्पातल्या शिंपी मास्तरांना सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पिशवीतून निळ्या सर्जचा झंपर घेऊन तुमच्या दुकानात आलेला येळ्ळूरचा माणूस, तो मी. झंपर म्हटल्यावर काज-बटणं करणारा तुमचा पोरगा फिस्सकन हसला होता. खलाशाच्या डोक्यातून घालायच्या सदऱ्याला खरंच जंपर म्हणतात, हे मग तुम्हीच त्याला सांगितलंत.

आपल्या भागात फौज म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. गल्लीत दोन घरं सोडून एक सुभेदार असतोच. आमचे आजोबा मात्र १९४२ साली रॉयल इंडियन नेव्हीत गेले, बिनतारी संदेशाच्या कामावर. गावात ते 'पेटी ऑफिसर', म्हणजे फौजेतल्या हवालदाराच्या बरोबरीचे, म्हणूनच ओळखले जायचे. पुरावा एकच, डाव्या बाहीवरचा बिल्ला: एकमेकांत अडकलेले दोन नांगर आणि वर मुकुट. त्याचा कोपरा उसवला होता, तेवढा चार टाके घालून घ्यावा म्हणून मी आलो होतो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात एक खरेदीदार बघायला येणार होता.

तुम्ही सुई हातात घेतलीच नाहीत. बाही उलटी केलीत, चष्मा कपाळावर सारलात आणि आतून बघत बसलात. मग मला जवळ बोलावून सुईच्या भोकांच्या दोन रांगा दाखवल्यात. बाहेरची रांग मोठ्या बिल्ल्याची. तिच्या आत दुसरी, लहान, उभट, रिकामी. बिल्ल्याखालचं कापड गडद राहिलं होतं, पण तेही त्या आतल्या रांगेपुरतंच. "हितं आधी दुसरं काय तरी होतं बगा," एवढंच म्हणालात.

शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचा निळा दिवा मागवलात. डाव्या बिल्ल्याचा दोरा चुन्यासारखा पांढरा चमकला. उजव्या बाहीवरचे पंख आणि वीज, म्हणजे तारवाल्याची खूण, काळोखातच राहिली. मी लगेच 'नकली' म्हणायला निघालो, तर तुम्ही थांबवलंत. हल्लीच्या पावडरीनं धुतलं तर जुना कपडासुद्धा चमकतो. पण मग सगळाच चमकला असता, नुसता एक दोरा नाही. हे मी पुढे किती जणांना ऐकवलंय!

आणि मुकुट. वडिलांच्या वेळचा बिल्ल्यांचा पत्र्याचा डबा काढून त्यातल्या जुन्या मेजरच्या मुकुटाशेजारी आमचा ठेवलात. राजाच्या मुकुटाच्या कमानी वर घुमटासारख्या फुगीर. आमच्या बिल्ल्यावरच्या मधोमध खाली दबलेल्या. तो एलिझाबेथ राणीचा मुकुट, म्हणजे १९५३ च्या आसपासचा किंवा नंतरचा. आपल्या नौदलाच्या नावातलं 'रॉयल' तर २६ जानेवारी १९५० लाच गेलं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. तेव्हा हा बिल्ला आजोबांचा नव्हेच, कुठल्याच हिंदी खलाशाचा नव्हे. थोरल्या काकांनी मुंबईत जुन्या बाजारातून उचलून लावला असणार, असा माझा संशय आहे. काका आता नाहीत, म्हणून जास्त बोलत नाही.

मला राग आला होता, मास्तर. तुमचाच. तुम्ही शांतपणे विचारलंत, "कागद काय म्हणतोय?" आजोबांच्या नोकरीचा कागद ट्रंकेच्या तळाशी होता, इंग्रजीतला, कुणी कधी उलगडून वाचलेला नव्हता. घरी जाऊन वाचला. लीडिंग टेलिग्राफिस्ट, म्हणजे पेटी ऑफिसरच्या एक पायरी खाली. लीडिंगची खूण म्हणजे एकच नांगर, डाव्या बाहीवर. तुमच्या त्या उभट रांगेत बरोबर मावेल असा.

खरेदीदार आला, तेव्हा त्याला टोपीची फीतही पसंत पडली नाही. तिच्यावर नुसतं 'एच.एम.आय.एस.', म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', जहाजाचं नाव नाही. माझी समजूत होती की नाव फाटून गेलं. तसं नव्हतं; कोणता खलाशी कोणत्या जहाजावर हे शत्रूला कळू नये म्हणून युद्धात फितीवर नाव घालतच नसत. त्या माणसाचं म्हणणं, 'तलवार' नावाची फीत करून घ्या, किंमत चढेल. फेब्रुवारी १९४६ चं नाविकांचं बंड मुंबईतल्या 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावरच सुरू झालं, म्हणून त्या नावाला मागणी. लाज वाटते, पण हे विचारायलासुद्धा मी तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "नवं काय पण शिवून देतो. जुनं शिवणार नाही."

त्या दिवशी माझा चेहरा पडला आणि मी आभार न मानताच निघालो. ते आज मानतो.

झंपर विकला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्लॅस्टिक काढून टाकलं, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवलाय. राणीचा बिल्ला वेगळ्या पाकिटात, वर 'काकांचा' असं लिहून. भोकं तशीच आहेत.

खंडेनवमीला ट्रंक पूजेला मांडली, तेव्हा मी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. आत्या मात्र अजून पेटी ऑफिसरच म्हणते. दिवाळीनंतर तिला घेऊन तुमच्याकडे येतो. दिवा मागवून ठेवा.

आपला,
येळ्ळूरचा ट्रंकवाला