नेटवर्क ‘अडकते’ तेव्हा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नेटवर्क अधूनमधून गोठते, मग यंत्र रीस्टार्ट करा किंवा ड्रायव्हरमध्ये (नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) थोडा विलंब घाला, हा सल्ला सर्रास दिला जातो. लिनक्सच्या लॉगमध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ची (पाठवण्याचे काम अडकले का यावर नजर ठेवणाऱ्या टायमरची) तक्रार दिसत असेल तर निदान विलंब तरी घालू नये. विलंबाने रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांच्या क्रमावर अवलंबून असलेला दोष, जात नाही, फक्त क्वचित दिसू लागते. नुसती प्रिंटची ओळ टाकली तरी ती गायब होते, यातच सगळे आले.

घडते ते असे. समजा, कार्डाकडे पॅकेट सोपवण्याच्या रिंगमध्ये (गोलाकार यादीत) २५६ डिस्क्रिप्टर, म्हणजे नोंदींच्या जागा, आहेत. पॅकेट पाठवणाऱ्या सीपीयूला त्यातले दहाच मोकळे दिसतात. एका पॅकेटला अठरापर्यंत लागू शकतात, म्हणून तो क्यू, म्हणजे पाठवायच्या पॅकेटांची रांग, थांबवायला निघतो. नेमक्या त्याच क्षणी दुसरा सीपीयू पाठवून झालेले सगळे डिस्क्रिप्टर मोकळे करतो, क्यू चालूच आहे असे पाहतो आणि तो उठवण्याची, म्हणजे पुन्हा चालू करण्याची, गरज नाही असे समजून निघून जातो. मग पहिला क्यू थांबवतो. आता रिंग रिकामी, म्हणून ‘पाठवून झाले’ असे सांगणारा कार्डाचा नवा इंटरप्ट (इशारा) येणार नाही. क्यू बंद, म्हणून नवे पॅकेटही नाही. साधारण पाच सेकंदांनी वॉचडॉग कार्ड रीसेट करतो आणि मूळ दोष झाकला जातो.

दुरुस्ती चार-पाच ओळींची आहे. क्यू थांबवल्यावर पूर्ण मेमरी बॅरियर (आधीचे लेखन-वाचन पुढच्याच्या आधी पुरे करायला लावणारी सूचना) द्यावा, मोकळी जागा पुन्हा मोजावी आणि पुरेशी असेल तर क्यू लगेच उठवावा. डिस्क्रिप्टर मोकळे करणाऱ्या बाजूनेही आधी आपला इंडेक्स (कुठवर मोकळे केले तो क्रमांक) लिहावा, मग बॅरियर, मगच क्यू थांबला आहे का ते वाचावे. बॅरियर एकाच बाजूला ठेवला तर उपयोग शून्य. ‘एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर) गरज नाही’ हा गैरसमज आहे: आधीचे लेखन बफरमध्ये असतानाच पुढचे वाचन उरकण्याची मुभा तिथेही आहे. क्यू उठवण्यापूर्वी ट्रान्समिट लॉक (एका वेळी एकालाच पाठवू देणारे कुलूप) घेऊन पुन्हा तपासावे, नाहीतर दरम्यान भरलेल्या रिंगवर क्यू उठतो. किती जागा मोकळी झाल्यावर उठवायचे ही मर्यादाही वरची, म्हणजे रिंगचा चौथा हिस्सा अशी ठेवावी. थांबवण्याच्या मर्यादेच्या काठावर ठेवली तर क्यू सतत चालू-बंद होत राहतो.

चाचणीसाठी इथटूल या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने रिंग हार्डवेअर देईल तितकी लहान करावी, इंटरप्ट वेगळ्या सीपीयूवर बांधावा आणि अनेक थ्रेडमधून लहान यूडीपी पॅकेटांचा मारा करावा. ड्रायव्हरमधले रीसेटचे काम आरटीएनएल लॉक (लिनक्समधले नेटवर्क सेटिंगचे सामाईक कुलूप) घेत असेल, तर इंटरफेस बंद करताना ते संपण्याची वाट पाहू नये. बंद करणाऱ्याच्या हातात तोच लॉक असतो, दोघेही एकमेकांसाठी खोळंबतात.

आपला,
एक वाचक