फॉरमॅट न मारल्याबद्दल

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. नाव घातलं तर तू रागावशील, म्हणून नुसतं चिरंजीव. चौथीत खिडकीजवळ बसून सतराच्या पाढ्याला अडखळणारा, एवढी खूण पुरे.

तासवडे एमआयडीसीतली पाळी संपवून त्या रात्री तू तसाच आमच्याकडे आलास, जेवणाचा डबासुद्धा हातात होता. दोन दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. पेन ड्राइव्हमध्ये आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, तिच्याच आवाजात, आणि मी टाइप केलेल्याही. आता तिथे बाणाचं एकच चित्र उरलं होतं. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, डेटा विसरा." शेजारच्यांनी फाइली दिसत्या करून दिल्या, तर डोळ्यांदेखत परत गायब!

तू आधी इंटरनेटची वायर काढलीस. मग उजवं बटण दाबून मला विचारलंस, "बाई, आठ जीबीतले पाच जीबी भरलेत म्हणतोय हा. समोर दिसतंय ते किती? दोन केबी. मग बाकीचं कुठंय?" हातचा धरायला विसरलेल्या पोराला मी विचारायची, अगदी तसंच. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. ओव्या गेल्या नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या.

त्या बाणाच्या चित्रामागची ओळही तू वाचून दाखवलीस. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालू होतो, आणि लगेच आपलं नेहमीचं फोल्डरही उघडतं. म्हणूनच मला इतके दिवस पत्ता लागला नाही. पूर्वी पेन ड्राइव्ह नुसता खोचला तरी असली गोष्ट आपोआप चालायची, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट जुन्या विंडोजवरही बंद केली, तेव्हा आता यांना आपल्याच हातून क्लिक करवून घ्यावं लागतं, हे तू सांगितलंस. लबाडी म्हणायची तरी केवढी!

शेजारच्यांचं काय चुकलं तेही कळलं. व्हायरस कॉम्प्युटरमध्ये जागा होता आणि ते पेन ड्राइव्ह साफ करत बसले होते. तू टास्क मॅनेजरमध्ये जाऊन व्हायरसला चालवणारं डब्ल्यूस्क्रिप्ट बंद केलंस, स्टार्टअपमध्ये दडलेली फाइल काढलीस, आणि मग खुर्ची माझ्याकडे सरकवलीस. फाइलींवरची लपवल्याची खूण काढायला काळ्या खिडकीत 'ॲट्रिब' लिहायचं, पुढे उणे एच, उणे आर, उणे एस. मी मधल्या जागा सोडल्याच नाहीत, तर त्याने चूक दाखवली. तू हसला नाहीस. दुसऱ्यांदा एंटर दाबलं आणि फोल्डर एकेक करून परत आले. आईचा आवाज लागला तेव्हा तू उगाचच वायर गुंडाळत बसलास, ते मी पाहिलं.

पुढचं स्कॅन मध्यरात्रीपर्यंत चाललं. बँकेचा पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, मोबाइलवरून बदलायला लावलास. केंद्र सरकारचं २०१७ पासूनचं सायबर स्वच्छता केंद्र आहे आणि तिथली साधनं फुकट मिळतात, हेही मला तुझ्याकडूनच कळलं. मला वाटायचं, स्वच्छता म्हणजे फक्त झाडू.

पण हे पत्र खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहिते आहे. नातवाच्या गेममुळे हे झालं असं मी घरभर सांगत सुटले होते. गेम काढून टाकली होती, पोर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हतं. तुला त्या व्हायरसच्या फाइलची तारीख दिसली. १२ नोव्हेंबर, दुपारी दीड. त्या दिवशी मी हयातीच्या दाखल्याची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले होते, आणि घरी येऊन लगेच तो लावला होता. नातू तेव्हा शाळेत होता. तो पलीकडेच बसलेला असताना तू चकार शब्द काढला नाहीस. माउसचा बाण त्या तारखेवर नेऊन ठेवलास आणि म्हणालास, "बाई, चहा मिळेल का?"

सकाळी मी नातवाला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग गेम टाकू परत?" टाकली.

ओव्यांच्या दोन प्रती केल्या आहेत, एक तुझ्याकडे राहू दे. आणि तुझा डबा इथेच राहिलाय. रिकामा कसा परत करायचा, म्हणून चकल्या तळल्या आहेत. रविवारी ये.

तुझ्या
बाई