‘काहीच होत नाही’ असं सांगून टोचू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

न्यूमोनिया दिनाच्या, म्हणजे १२ नोव्हेंबरच्या आपल्या अंकात ज्येष्ठांच्या न्यूमोनियाच्या लसीवर बातमी होती. साठी ओलांडलेल्यांनी ही लस घ्यावी, हे त्यात छान समजावून सांगितलं होतं. शेवटी मात्र लसीचा काहीही त्रास होत नाही असं लिहिलं होतं, आणि तिथं मला थांबावं लागलं.

परभणी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून मी बत्तीस वर्षं काढली. किती लेकरांना टोचलं याचा हिशोब नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी जिंतूर तालुक्यातल्या एका वस्तीवर ट्रिपल, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस देऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं निघाले, तर एक आजी केरसुणी घेऊन दारात उभी. ‘लेकराला काय इख टोचलंस गं? रातभर फणफणलंय, मांडी बघ कशी दगडावानी झाली!’ लेकराला काही झालेलं नव्हतं. ट्रिपलनं ताप यायचा, गाठ यायची, दोन दिवसांत ओसरायची. पण आदल्या दिवशी मी ते सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर मांडी पुढं करणार नाहीत, या भीतीनं मुद्दाम गिळलं होतं. त्यानंतर चार महिने त्या वस्तीवरचं एकही लेकरू माझ्यासमोर आलं नाही.

पुढं प्रशिक्षणात आमच्याकडून चार गोष्टी अक्षरशः पाठ करून घेतल्या. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, हे सांगायचं. काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, हे सांगायचं. पुढचा डोस कधी ते सांगायचं. आणि कार्ड जपून ठेवा, येताना आणा, हे बजावायचं. शिवाय आईला लेकरासह अर्धा तास बसवून ठेवायचं. अंगणवाडीत शिकलेली-न शिकलेली कुठलीही बाई आली तरी या चार गोष्टी ऐकल्याशिवाय ती घरी जात नव्हती.

आता माझ्या स्वतःच्या लसीचं ऐका. माझं वय ६८, शुगर बारा वर्षांपासून. आमच्या ह्यांना मागच्या थंडीत न्यूमोनिया होऊन अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले, म्हणून मुलानं मला ओढूनच नेलं. परभणीतलाच एक खासगी दवाखाना. बिल चार हजाराच्या जरा आत. फ्रिजमधून डबी काढली, टोचलं, कापसाचा बोळा दिला आणि ‘झालं आजी, या आता.’ मी विचारलं, ‘कोणती दिलीस रे बाळा?’ म्हणाला, ‘न्यूमोनियाची.’ ‘ते कळलं. तेराची का तेवीसची?’ न्यूमोनियाच्या एका जंतूच्या तेरा जातींवरची एक लस असते, तेवीस जातींवरची दुसरी. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. शेवटी मीच कचऱ्याच्या टोपलीतून खोका काढायला लावला, तेराची निघाली, त्यावरचं नाव आणि बॅच नंबर पिशवीतल्या डायरीत उतरवून घेतला आणि बाहेरच्या बाकावर कुणी न सांगता अर्धा तास बसून राहिले. जुनी सवय. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम कोंडणं असली गंभीर गोष्ट क्वचितच होते, पण व्हायची तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते. तेवढ्यासाठीच तो अर्धा तास असतो.

रात्री आठच्या सुमारास अंगात कसकस सुरू झाली. साडेदहाला थर्मामीटर लावलं तर १००.६. डाव्या दंडावर लिंबाएवढी गाठ, लाल, हात लावला की गरम. सकाळी भाकरीला बसले आणि पहिल्याच भाकरीला कळलं, डावा हात परातीवर गोल फिरतच नाही. उजव्यानं थापायचं आणि डाव्यानं पीठ सांभाळत कड सारायची, ही माझी पन्नास वर्षांची सवय. भाकरी एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं फाटलेली, कर्नाटकाच्या नकाशासारखी. हे म्हणाले, ‘राहू दे, आज खिचडी टाक.’ एक पॅरासिटामॉल घेतली, दंडावर ओलं फडकं ठेवलं, गाठ चोळली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी पुन्हा गोल.

मला हे का होतंय ते माहीत होतं, म्हणून मी निवांत होते. माझ्या जाऊबाईंना कुठून माहीत असणार? त्यांनी त्याच महिन्यात दुसरीकडं लस घेतली. अंगावर घट्ट बाहीचं पोलकं. बाही वर सरकेना म्हणून तिथल्या मुलीनं गळ्याकडून पोलकं खाली ओढलं आणि जेवढा खांदा उघडा पडला तिथंच सुई घातली. टोचायची जागा खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या मांसात असते. जाऊबाईंना ती हाडालगत बसली. लसीचा त्रास दोन-तीन दिवसांत जातो, जाऊबाईंचा खांदा दोन महिने आखडलेला होता. अंबाडा घालायला हात मागं जात नव्हता, सून घालून द्यायची. हा दोष लसीतल्या औषधाचा नव्हता, सुईच्या जागेचा होता. पण गावात बोललं काय गेलं? ‘न्यूमोनियाच्या लशीनं हात गेला.’ बायांनो, लस घ्यायला जाताना सैल बाहीचं पोलकं घालून जा. छोटी गोष्ट आहे, पण कुणी सांगत नाही.

नणंदेच्या यजमानांची कथा तर आणखी वेगळी. मुलाकडं पुण्याला गेले होते, तिथं तेवीसची लस दिली. सात-आठ महिन्यांनी गावाकडं आले, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी दमा आहे म्हणून परत तेवीसचीच दिली. भाऊजींना आधीच्या टोचण्याची आठवण होती, नाव सांगता येईना, आणि हातात कागदाचा चिटोराही नव्हता. हात कोपरापर्यंत सुजला, चार दिवस ताप. तेवीसची लस परत द्यायची वेळ आलीच तर मध्ये पाच वर्षं जाऊ द्यावी लागतात. लवकर दिली तर सूज आणि दुखणं जास्त होतं, हे ठाऊक असलेली गोष्ट आहे. एक कार्ड असतं तर ते दुसरं टोचणंच टळलं असतं.

गंमत बघा. माझ्या नातवाला न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या त्याच जंतूची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्याला. २०१७ मध्ये आपल्या देशात काही राज्यांत ती सुरू झाली आणि २०२१ मध्ये सगळीकडं पोचली. त्याच्या कार्डावर तिन्ही तारखा आहेत. आजीला त्याच जंतूवरची लस विकत आणि कार्डाशिवाय. कोविडच्या वेळी मात्र २०२१ च्या मार्चपासून आम्हा साठीच्या पुढच्यांना टोचलं, तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलवर लशीचं नाव, तारीख आणि प्रमाणपत्र आलं होतं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. ज्येष्ठांना ही लस सरकारनं फुकट द्यावी, असं माझं मत आहे. पण ती मागणी मोठी आहे, त्यावर जाणकारांनी लिहावं.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची. आमच्या गल्लीत एका काकांनी लस घेतली आणि आठव्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झाला. झालं! ‘लशीनंच आणला.’ आता या लशीत जिवंत जंतू नसतो, जंतूच्या वरच्या सालीचे तुकडे असतात. त्यातून न्यूमोनिया होऊच शकत नाही. पण अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर माणूस उघडाच असतो, हे काकांना कुणी सांगितलं होतं? शिवाय न्यूमोनिया एकाच जंतूनं होत नाही. ही लस फक्त न्यूमोकोकसवर चालते, त्याच्याही शंभराच्या पुढं जाती, त्यातल्या तेरा किंवा तेवीस किंवा अलीकडं वीस. भाच्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं, नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८५ हजार लोकांवर तेराच्या लशीचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो छापून आला. त्या तेरा जातींनी होणारा न्यूमोनिया लस घेतलेल्यांत ४५ टक्क्यांच्या आसपास कमी झाला. मला ४५ सुद्धा पुष्कळ वाटतात. आमचे हे अकरा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होते तेव्हा मी पाचसुद्धा घेतले असते. पण माणसाच्या डोक्यात शंभर भरून पाठवलं, तर ४५ मिळाल्यावर तो फसवलं म्हणणारच.

आमच्याकडं थंडीत तूर, कापूस, ज्वारी सगळं एकदम येतं. राशीची धूळ, पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर, त्यात परभणीचा पारा किती उतरला ते कृषी विद्यापीठाच्या आकड्यावरून तुम्हीच रोज छापता. छातीच्या दुखण्यानं म्हातारं माणूस बघता बघता खचतं. अशा वेळी लस घ्यायला निघालेल्या माणसाला परत फिरवणारी गोष्ट म्हणजे शेजारणीचा सुजलेला दंड, ज्याबद्दल तिला आधी कुणी काही बोललेलं नाही.

म्हणून खासगी दवाखान्यांना एवढंच सांगणं, चार हजार घेता तर चार वाक्यं बोला आणि एक कार्ड द्या. मराठीत. ठसठशीत अक्षरात, आमचे चष्मे घरी राहतात. आपल्या वाचकांसाठी हेही लिहिते की कुठल्याही लशीचा किंवा औषधाचा त्रास झाला तर डॉक्टरच नव्हे, रुग्ण स्वतःही कळवू शकतो. केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फोन फुकट आहे. ताप दोन दिवसांच्या पुढं गेला, गाठ वाढत चालली किंवा दम लागला, तर फोन नंतर, आधी दवाखाना गाठा.

पुढच्या न्यूमोनिया दिनाला बातमी देताना ‘दंड दुखेल, ताप येईल, बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत जाईल’ हे शब्द चौकटीत छापलेत तर उपकार होतील. माझी तेवीसची लस वर्ष झाल्यावर घ्यायची आहे. फेब्रुवारीची तारीख कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवली आहे, आणि त्या दोन दिवसांच्या भाकरी सुनेनं करायच्या हे तिला आत्ताच सांगून झालं आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. परभणी
(नाव छापू नये ही विनंती)