गुणी मुलांचे विनामूल्य प्रशिक्षण : खर्च कोणाचा, हे पावतीवर दिसू द्या

प्रति,
मा. संपादक,

विषय : जिम्नॅस्टिक्स क्लबांतील फीमाफी आणि फी भरणारे पालक

महोदय,

शहरातल्या जिम्नॅस्टिक्स क्लबांमध्ये नवे सत्र सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तोच वाद रंगतो. प्रशिक्षक काही मुलींना ‘स्पर्धा गटा’त घेतात, त्यांची फी माफ होते आणि मग ‘आमच्या पैशांवर दुसऱ्यांची पदके’ असा सूर निघतो. त्यावर ‘खेळ पैशात मोजायचा नसतो’ असे कोणीतरी सुनावते आणि विषय तेवढ्यावर मिटवला जातो. माझी मुलगी अशाच एका क्लबमध्ये पूर्ण फी भरून, हौस म्हणून शिकते. स्पर्धा गटात जाण्याइतकी तिची तयारी नाही आणि तिची तशी इच्छाही नाही. गुणी मुलांना विनामूल्य शिकवण्यास माझा विरोध नाही. उलट अशा जागा वाढाव्यात असेच माझे मत आहे. माझा आक्षेप आहे तो ही माफी कोणाच्या पैशांतून आणि कोणाच्या वेळेतून दिली जाते याबद्दल पाळल्या जाणाऱ्या मौनाला.

फीमाफीची गरज मुळात का पडते, हे आधी नीट सांगायला हवे. महिला जिम्नॅस्टला वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरता येते ते वयाची १६ वर्षे पूर्ण होणाऱ्या वर्षापासून. म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात करून पुढची आठ-दहा वर्षे, आठवड्याचे पाच-सहा दिवस, रोज कित्येक तास सराव करावा लागतो. हौसेने येणाऱ्या मुलीच्या फीच्या हिशेबाने एवढ्या तासांचे पैसे आकारले, तर मध्यमवर्गीय घरालाही ते झेपणार नाहीत, मग रिक्षा चालवणाऱ्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या पालकांची काय कथा? राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवास, भोजन आणि प्रशिक्षणाची सोय होते, पण तिथल्या जागा मोजक्या असतात. २०१७ मध्ये केंद्राने नव्या रूपात मंजूर केलेल्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूला वर्षाला ५ लाख रुपये, असे ८ वर्षे देण्याची तरतूद झाली. तिचा लाभ मात्र ज्याचे नाव आधीच झाले आहे त्यालाच मिळतो. नाव होण्याआधीची जी पाच-सहा वर्षे असतात, ज्या काळात मुलगी घडते किंवा खेळ सोडून देते, त्या वर्षांचा खर्च उचलायला सरकार नसते. तो क्लब उचलतो. त्याबद्दल क्लबांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत.

पण क्लब खर्च उचलतो म्हणजे नेमके कोण उचलते? सभागृहाचे भाडे, वीज, प्रशिक्षकांचे मानधन आणि झिजलेल्या मॅट बदलण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी आमच्यासारख्यांच्या फीतूनच निघतो. एका तिमाहीला माझ्या हातात पडलेल्या पावतीवर ‘प्रशिक्षण शुल्क’ आणि त्याखाली ‘इतर शुल्क’ अशा दोनच नोंदी होत्या. ‘इतर’ म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा ‘सगळ्यांनाच आहे ते’ एवढेच उत्तर मिळाले. तीच रक्कम ‘गुणवंत खेळाडू साहाय्य’ म्हणून मागितली असती, तर मी आनंदाने भरली असती आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक पालकांनीही भरली असती. मदत करण्याची वेळ येताच माणसे हात आखडता घेतील, या भीतीपोटी ती न सांगता वसूल करणे हा आमच्यावर अविश्वास आहे, आणि पुढे त्यातूनच कुजबुज सुरू होते.

पैशांपेक्षाही मोठा प्रश्न प्रशिक्षकाच्या हातांचा आहे. मी हे लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. कमी-अधिक उंचीवरच्या दोन आडव्या बारवर मुलगी पहिल्यांदा नवा प्रकार करते, तेव्हा प्रशिक्षक खाली उभा राहून एक हात तिच्या पाठीला आणि एक मांडीला लावून तिला पेलतो. ‘स्पॉटिंग’ म्हणतात ते हेच, आणि एका प्रशिक्षकाला एका वेळी एकाच मुलीचे करता येते. संध्याकाळच्या दीड तासात मुख्य प्रशिक्षक जर बहुतेक वेळ स्पर्धा गटाच्या बारपाशी उभे असतील, तर पलीकडे हौशी गटाच्या मुली हाताला मॅग्नेशियम पावडर लावून रांगेत ताटकळत राहतात आणि त्यांना सांभाळायला मोठ्या गटातली एखादी ताई असते, जी स्वतःच अजून शाळेत आहे. तोल सांभाळत कसरत करायचा बीम केवळ १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. त्यावर नवखी मुलगी चढलेली असताना जवळ प्रशिक्षित माणूस नसणे, ही फीची नव्हे तर सुरक्षिततेची बाब आहे. विनामूल्य जागा द्यायच्या तर त्या जागांचे तास वेगळे ठेवा, किंवा त्या तासांसाठी वेगळा प्रशिक्षक नेमा. आम्ही ज्या वेळेचे पैसे भरतो, त्या वेळेत प्रशिक्षक आमच्या मुलांचे असावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

यावर क्लबचालकांचे एक उत्तर ठरलेले असते की, चांगले प्रशिक्षक टिकतात तेच मुळी स्पर्धा गटामुळे, आणि क्लबचे नाव झाले की त्याचा फायदा सगळ्यांनाच होतो. हे बऱ्याच अंशी खरे आहे. नुसत्या कोलांट्याउड्या शिकवायला कोणताही महत्त्वाकांक्षी प्रशिक्षक वर्षानुवर्षे थांबणार नाही. पण एवढ्याने हिशेब द्यायची जबाबदारी टळत नाही. गृहनिर्माण संस्थेत एखाद्या सभासदाचे देखभाल शुल्क माफ करायचे झाले, तर कारण कितीही योग्य असले तरी ते सभेपुढे ठेवावे लागते. इथेही तेवढेच व्हावे.

असे उघडपणे करण्याचा एक नमुना आपल्याच राज्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. या योजनेच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत आणि त्या वर्तमानपत्रांतून वरचेवर छापूनही येतात. परंतु त्या करता येतात याचे कारण निधीला नाव आहे, प्रमाण ठरलेले आहे आणि जाब विचारायला धर्मादाय आयुक्त आहेत. आपल्याकडचे अनेक क्रीडा क्लब १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीच नोंदलेले आहेत आणि त्यांना वार्षिक हिशेब सादर करावेच लागतात. त्यात फीमाफीचे एक वेगळे खाते दाखवायला काही फार कष्ट पडणार नाहीत. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाचा निधी ज्या कामांसाठी वापरता येतो, त्यांत ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. एखाद्या कंपनीकडे मदत मागायला जाणारा क्लब जर ‘किती मुलांवर किती खर्च होतो’ हेच सांगू शकत नसेल, तर त्याला पैसे कोण देणार?

आता निवडीविषयी. आज ‘गुणवत्ता’ आणि ‘गरज’ या दोन गोष्टींची सरसकट गल्लत होते. ज्या घरची मुलगी मोटारीने सरावाला येते, तिचीही फी निवड झाली म्हणून माफ होते, आणि जिचे वडील तिमाहीची फी दोन हप्त्यांत भरतात, तिची निवड थोडक्यात हुकली तर तिला काहीच मिळत नाही. त्यातच निवड चाचणीच्या आधी काही पालक त्याच प्रशिक्षकांकडे जादा पैसे देऊन वैयक्तिक शिकवणी लावतात. त्यानंतर त्यांची मुले चाचणीत उजवी ठरली, तर ती गुणवत्ता किती आणि पैसा किती, हे कोण ठरवणार? स्पर्धा गटात प्रवेश गुणांवर द्यावा आणि फीमाफी घरच्या उत्पन्नावर, असे मला सुचवायचे आहे. ऐपत असलेल्यांनी वाढीव तासांचे पूर्ण नाही तरी काही पैसे भरले, तर त्यातून आणखी एखाद्या मुलीची सोय होईल.

सहा-सात वर्षांच्या मुलांमधले गुण चाचणीत ओळखता येतात, या समजुतीलाही मर्यादा आहेत. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने सराव सुरू केला तेव्हा तिचे तळपाय सपाट होते, आणि व्हॉल्टसाठी धावून उडी घेणाऱ्या खेळाडूत हा मोठाच दोष मानला जातो. तिचे वडील स्वतः भारोत्तोलनाचे प्रशिक्षक होते. विश्वेश्वर नंदी यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी तो दोष चिकाटीने सुधारून घेतला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये ती चौथी आली. तिचे कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकले. आपल्या एखाद्या क्लबच्या पहिल्याच चाचणीत ती टिकली असती का, याची मला शंकाच आहे. म्हणून निवड एकदा झाली की झाली, असे न ठेवता दरवर्षी फेरविचार व्हावा, आणि हौशी गटातल्या मुलीलाही पुढे सरकण्याचा मार्ग खुला असावा. तिला प्रशिक्षकांच्या नजरेखाली सरावच मिळाला नाही, तर तो मार्ग कागदावरच राहील, हे वेगळे सांगायला नको.

माफी मिळालेल्या कुटुंबांचीही एक बाजू आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. ‘एवढे फुकट शिकवले’ याची आठवण त्यांना प्रत्येक वळणावर करून दिली जाते. मुलीचा गुडघा दुखत असला, दहावीचे वर्ष असले किंवा दुसऱ्या प्रशिक्षकाकडे जावेसे वाटले, तरी उपकाराच्या ओझ्याखाली पालक गप्प बसतात. काही ठिकाणी तर सोडून गेल्यास सगळी फी परत करण्याचे लिहून घेतात, असे ऐकिवात आहे. वाढत्या वयाच्या मुलीला दुखापतीच्या अवस्थेत अशा कागदाने बांधून ठेवणे गैर आहे. आमच्या पैशांतून माफी दिली जात असेल, तर तिच्यावर अशी अट नसावी, हे सांगण्याचा थोडा अधिकार आम्हालाही आहे. तसेच कोणाची फी माफ आहे हे इतर मुलांना कळू नये, एवढी काळजी कार्यालयाने घ्यावी. हिशेब उघडा असावा. नावांची यादी फलकावर लावण्याचे काही कारण नाही.

शेवटचा मुद्दा महापालिकांसाठी आहे. अनेक क्लब पालिकेने करदात्यांच्या पैशांतून बांधलेल्या क्रीडासंकुलांत सवलतीच्या भाड्याने चालतात. तिथे विनामूल्य जागा किती द्यायच्या, हे क्लबच्या मर्जीवर सोडणेच चूक आहे. अशा संस्थांचे करार नूतनीकरणाला येतील तेव्हा मोफत जागांची संख्या, त्यांच्या सरावाचे स्वतंत्र तास आणि प्रत्येक गटामागे प्रशिक्षित मार्गदर्शक किती, या गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात, आणि तो करार संकुलाच्या दर्शनी भागात लावावा.

आपली,
एक पालक, पुणे