विषय: प्लॉट क्र. 17 च्या शेडची माझ्या सोलर पॅनलवर पडणारी सावली. पाहणी एप्रिलमध्ये नको, याच महिन्यात करावी

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सचिव,
आपली गृहनिर्माण सहकारी संस्था,
दारव्हा, जि. यवतमाळ

दिनांक : 19 जानेवारी 2026

स.न.वि.वि.

मी प्लॉट क्र. 16 ची सभासद, जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षे शिकवून निवृत्त झालेली. याच विषयावरचे हे माझे चौथे पत्र आहे. पहिले 27 ऑक्टोबरला दिले, मुद्दाम भाऊबीज उलटल्यावर, कारण सणासुदीत कुणाला त्रास नको होता. दुसरे 10 नोव्हेंबरला, तिसरे 15 डिसेंबरला. तिन्हींवर सचिवांची पोच आहे, उत्तर एकाचेही नाही. सभासदाच्या तक्रारीवर कमिटीने पुढच्याच सभेत निर्णय घ्यावा आणि तो पंधरा दिवसांत कळवावा, असे आपल्या उपविधीत छापलेले आहे. ती पुस्तिका मला आपणच दिली होती.

अध्यक्षसाहेब, गेल्या रविवारी आपण गेटवर भेटलात. "बाई, मार्च एंडिंग होऊन जाऊ द्या, एप्रिलमध्ये सगळी कमिटी घेऊन पाहायला येतो," असे म्हणालात. त्या वाक्यामुळेच हे पत्र लिहावे लागत आहे. एप्रिलमध्ये माझ्या स्लॅबवर पाहण्यासारखे काही नसेल. सूर्य तेव्हा डोक्याजवळ आलेला असतो. मेच्या उत्तरार्धात तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. प्लॉट 17 च्या शेडची सावली एप्रिलच्या दुपारी दोन घरांमधल्या बोळीतच पडेल, माझ्या भिंतीला शिवणारही नाही. कमिटी येईल, वर पाहील, "इथे तर लख्ख ऊन आहे" असे लिहून जाईल आणि पुढच्या ऑक्टोबरपासून माझे पुन्हा तेच सुरू होईल.

मूळ हकिकत आपल्याला माहीत आहे, तरी ती एकदा कागदावर असू द्यावी.

घराच्या छतावर सोलर पॅनल बसवायला सबसिडी देणारी प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली. मी 18 मार्च 2024 ला संस्थेकडे ना हरकत पत्र मागितले. घर माझे, छत माझे, त्यामुळे त्याची गरजच नव्हती असे मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितले. पण सोसायटीत राहायचे तर सोसायटीला विचारून करावे, या मताची मी आहे. ते पत्र मिळाले 11 ऑक्टोबरला. सात महिने! त्या सात महिन्यांत मला काय काय विचारले गेले ते पाहा. पॅनलवरून ऊन परावर्तित होऊन शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येईल का, वीज पडेल का, वादळात पत्र्यासारखे उडेल का. सगळ्याची उत्तरे मी लेखी दिली. पुढे 29 नोव्हेंबर 2024 ला नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर, बसले. प्रत्येकी 540 वॅटची सहा पॅनल, म्हणजे तीन किलोवॅटच्या थोडे वर. 78 हजार रुपये सबसिडी खात्यात आली. बाकीचे मी माझ्या पेन्शनीतून साठवलेले घातले.

प्लॉट 17 वाल्यांनी मात्र 12 ऑक्टोबर 2025 च्या एका रविवारी, सकाळी आठला वेल्डिंगवाला बोलावून, संध्याकाळच्या आत स्लॅबवर दहा फूट उंच टिनाचे शेड उभे केले. त्यावर अँगल ठोकून हजार लिटरची काळी टाकी चढवली, तीही माझ्या बाजूच्या कोपऱ्यात. बांधकामात कोणतीही वाढ करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी लागते हा नियम त्यांना लागू आहे की नाही? नगरपरिषदेची परवानगी घेतली का, हे तरी कुणी विचारले का? मला सात महिने आणि त्यांना एक रविवार.

आता सावलीविषयी. त्यांचे घर माझ्या दक्षिणेला आहे. दोन्ही घरांत सहा फुटांची बोळ. माझ्या पॅनलची खालची कडा स्लॅबपासून दोन फूट वर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खाली चालतो. 22 डिसेंबरच्या सुमारास आपल्या भागात भर दुपारीही सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास असते, सकाळी त्याहून लांब. मी 22 डिसेंबरला सकाळी नऊपासून स्लॅबवर बसून दर अर्ध्या तासाला खडूने सावलीची कड आखली आणि बाजूला वेळ लिहिली. साडेनऊला शेडची कड खालच्या ओळीतल्या तिन्ही पॅनलवर चढलेली होती. दहाला टाकीचा काळा चौकोन पहिल्या पॅनलवर होता, अकरापर्यंत तो दुसऱ्यावर सरकला. बारा वाजतासुद्धा खालची वीतभर पट्टी अंधारातच होती. त्या रेघा अजून तशाच आहेत. पाऊस नाही आणि मी झाडू फिरवलेला नाही.

"वीतभर सावलीने काय बिघडते?" असे सचिवांनी विचारले होते. ही पॅनल एकाला एक अशी साखळीत जोडलेली असतात, आत काचेखाली वीज तयार करणारे छोटे सेलही तसेच. एका जागी प्रवाह अडला की सगळी साखळी मंदावते. नुकसान आटोक्यात राहावे म्हणून पॅनलच्या मागे डायोड असतात, पण ते सावलीतला हिस्सा वगळून प्रवाह पुढे नेतात, म्हणजे त्या हिश्श्याची वीज गेलीच. मी रोज संध्याकाळी सोलरच्या इन्व्हर्टरवरचा दिवसभराच्या विजेचा आकडा वहीत लिहिते. डिसेंबर 2024 मध्ये एकूण 391 युनिट. डिसेंबर 2025 मध्ये 254. पॅनल तीच, धुण्याचा दिवस तोच, आकाश दोन्ही वर्षी स्वच्छ. 137 युनिट कुठे गेले ते त्या खडूच्या रेघा सांगतात.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "हिवाळ्यात कशाले लागते तुम्हाले एवढी लाईट, कूलर तर बंदच राह्यते!" त्यांच्यावर माझा राग नाही. पण हे कमिटीच्या सदस्यानेही म्हणावे याचे वाईट वाटले. पॅनलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. मेच्या 45 अंशांत ती इतकी तापतात की हात लावता येत नाही, आणि तापली की वीज कमी देतात. तेवढ्याच उन्हात जानेवारीतले पॅनल जास्त देते. पावसाळ्याचे दोन-तीन महिने ढगात जातात. हिवाळ्यातली शिल्लक युनिट वीज खात्याकडे माझ्या नावावर जमा होतात आणि 31 मार्चला त्यांचा हिशेब लागतो. त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ माझ्या दृष्टीने पिकाचा आहे.

आणि प्लॉट 17 वाल्यांना हे समजत नाही असे कुणी सांगू नये. त्यांच्या वावरात सौर कृषी पंप आहे. तिथे पॅनलपुढे बोरीचे झुडूप वाढले होते, ते त्यांनी स्वतः कुऱ्हाडीने तोडले आणि "सावली पडली का मोटर पाणी फेकत नाही" असे मलाच सांगितले होते. वावरातली सावली कळते, मग घरावरची का कळू नये?

शेडचा आणखी एक त्रास. पहाटे वानरांची टोळी त्यांच्या टिनावर उड्या मारते आणि तिथून थेट माझ्या पॅनलवर. पूर्वी तिथून यायला त्यांना वाटच नव्हती. काचेवरची घाण मला नळ येईल त्या दिवसाची वाट पाहून धुवावी लागते. वयाच्या 66 व्या वर्षी बादली घेऊन जिना चढते. याआधी 2019 मध्ये त्यांच्या कूलरचे पाणी माझ्या खोलीच्या भिंतीत झिरपत होते. 2021 मध्ये नाली माझ्याकडे वळवली. 2023 च्या लग्नात मांडवाचा खांब माझ्या तुळशीच्या ओट्यात ठोकला. प्रत्येक वेळी मीच गप्प बसले. संस्थेच्या दप्तरात यातली एकही तक्रार सापडणार नाही, कारण शेजारधर्म म्हणून मी ती केलीच नाही. माझे स्ट्रक्चर कठड्याच्या बाहेर दीड फूट आले आहे अशी उलट तक्रार त्यांनी आता केल्याचे ऐकले. ते माझ्याच मोकळ्या जागेवर आहे आणि त्याने कुणाच्या घरात अंधार झालेला नाही.

हे एकट्या माझे गाऱ्हाणे समजू नये. प्लॉट 12, 14 आणि 21 यांच्याशी मी बोलले आहे. तिघांचेही मत माझ्यासारखेच आहे. प्लॉट 14 ला यंदा पॅनल बसवायची आहेत आणि शेजारी उद्या काय उभे करेल याची त्यांना धास्ती आहे. रोजचे येणे-जाणे असल्यामुळे तिघांनीही सही केली नाही, पण आपण विचाराल तर सांगतील. ले-आउटमध्ये नियम एकदा ठरला पाहिजे: पॅनल असलेल्या घराच्या दक्षिणेला काही उंच उभारायचे तर आधी सावली मोजायची.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी आणखी एक विषय मांडला होता. रस्त्यावरचे दिवे आणि बोअरची मोटर यांच्या बिलासाठी आपण दर महिन्याला वर्गणी काढतो. सूर्यघर योजनेतच गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये मिळतात आणि योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतच आहे. "पाहू" म्हणून चहा आला. इतिवृत्तात त्याची ओळसुद्धा नाही, मी वाचून पाहिले.

माझी मागणी फार मोठी नाही. शेड पाडा असे मी म्हणत नाही. टाकी त्यांच्याच शेडवर दक्षिणेच्या टोकाला न्यावी आणि माझ्या बाजूची चार फूट टिनाची पाने काढावीत. वेल्डिंगवाल्याचे एका दिवसाचे काम आहे, त्यांनी चढवलेही एकाच दिवसात. वाटल्यास टाकी हलवण्याचा निम्मा खर्च मी देईन. टिनाचा देणार नाही. आणि माझी ही चारही पत्रे, आकड्यांची वही व कमिटीचा निर्णय, मग तो काहीही असो, पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा.

पाहणी रविवार, 25 जानेवारीला सकाळी साडेनऊला करावी. सावली आता मागे हटू लागली आहे, आठवड्याला साधारण चार बोटे, फेब्रुवारीच्या मध्यानंतर पॅनलवर जेमतेम टाकीचीच उरेल. रविवारी कुणीच आले नाही तर मी सोमवारी नाही, कारण 26 जानेवारी आहे, पण मंगळवारी हीच कागदपत्रे घेऊन सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात जाईन. आपण माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचे आहात, तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

जिन्याचे दार मी नऊपासून उघडे ठेवते. येताना कृपया चपला खालीच काढाव्यात, खडूच्या रेघा पुसल्या जातील.

आपली विश्वासू,
सभासद, प्लॉट क्र. 16

सोबत : आधीच्या तीन पत्रांच्या पोचपावत्या, डिसेंबर 2024 व डिसेंबर 2025 च्या वहीतील पानांच्या झेरॉक्स, 22 डिसेंबरचे सात फोटो