ओंकारला पत्र: नळीतल्या गर्भाबद्दल

दादर, मुंबई
गुरुवार, रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मधुरा शेजारी होती, म्हणून तिचा गर्भ गर्भपिशवीऐवजी बीजनळीत राहिला आहे त्याबद्दल मी मोजकंच बोलले. बाकीचं इथे लिहिते. हा कागद तिच्या फाइलमध्येच ठेव.

नळीतला गर्भ अलगद सोडवून पिशवीत ठेवता येत नाही का, असं तू विचारलंस. नाही येत. सहाव्या आठवड्यापर्यंत त्याची मुळं नळीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांत शिरलेली असतात. सोडवायला गेलं की तीच तुटतात, आणि तुटलेली मुळं पिशवीत पुन्हा धरत नाहीत. 1994 मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने असा गर्भ हलवून बाळ जन्मल्याचा लेख छापला होता. तो बनावट निघाला आणि 1995 मध्ये त्याची डॉक्टर म्हणून नोंदणीच रद्द झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘परदेशात होतं म्हणे’ असं काही आलं तर एवढं लक्षात ठेव.

तिथेच वाढू द्यावा, तर नळी पिशवीसारखी ताणत नाही. भिंत पातळ असते आणि बहुतेक वेळा सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास फाटते. मग रक्त बाहेर न दिसता पोटात साठतं. पोटाच्या पोकळीत गर्भ वाढून बाळ झाल्याच्या बातम्या तू वाचल्यास, त्या खऱ्या असतात, पण फार विरळा आणि बाईच्या जिवाशी खेळ असलेल्या. मधुराचा गर्भ नळीत आहे, तिला ती वाट नाही. एक गर्भ पिशवीत आणि दुसरा नळीत असेल, तर नळीतला ऑपरेशनने काढून पिशवीतला टिकवता येतो. हे आयव्हीएफनंतर जास्त दिसतं. मधुराची पिशवी रिकामी आहे, म्हणजे तोही प्रश्न नाही.

आता तिचे आकडे. बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गर्भाचं हार्मोन, 1,140 होतं, 48 तासांनी 1,390 झालं. म्हणजे वाढ जेमतेम 22 टक्के. एवढ्या पातळीवर नीट चाललेल्या गर्भात दोन दिवसांत किमान निम्म्याने तरी वाढ अपेक्षित असते. सोनोग्राफीत पिशवी रिकामी, उजव्या नळीत 22 मिलिमीटरची गाठ, ठोके नाहीत, पोटात पाणी अगदी थोडं. नाडी-बीपी ठीक, लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट चांगले. अशा बाईला ऑपरेशनऐवजी मेथोट्रेक्झेट, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन, देऊन बघतात. ठोके असते, गाठ 35 मिलिमीटरच्या वर असती किंवा बीटा 5,000 च्या वर असतं, तर मीच म्हटलं असतं की दुर्बिणीने ऑपरेशन करून घ्या.

डोस कसा ठरला तेही विचारलंस. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला 50 मिलिग्रॅम. तिची उंची 157 सेंटिमीटर, वजन 58 किलो, म्हणजे पृष्ठभाग साधारण 1.59 आणि डोस 80 मिलिग्रॅम. 25 मिलिग्रॅम प्रति मिलीचं औषध असेल तर हे 3.2 मिली होतं, म्हणून दोन्ही कुल्ल्यांत वाटून देतात. औषधाच्या खोक्यावर कॅन्सरचं नाव वाचून ती घाबरली, हे साहजिक आहे. काम साधं आहे: झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना फॉलिक अ‍ॅसिड वापरू न देणं. हे औषध ज्या गटाने घडवलं त्याचे प्रमुख आपले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव. फॉलिक अ‍ॅसिडवरचं कामही त्यांचंच.

यात सगळ्यात मोठी चूक घरातच होते. पाळी चुकल्यापासून ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेते आहे. ती आजपासून बंद. मल्टिव्हिटॅमिनच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात फॉलिक असतंच, तीही बंद. नाहीतर एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने त्याचा उतारा. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान नाही, त्याने मेथोट्रेक्झेट शरीरात साठून राहू शकतं. तोंड येणं, मळमळ, थकवा हे चालतं. दारू नाही, दुपारच्या उन्हात फिरणं नाही, जड उचलणं नाही, शरीरसंबंध नाही.

दिवस असे मोज: आज गुरुवार, इंजेक्शनचा पहिला दिवस. चौथा दिवस रविवारी, सातवा बुधवारी. दोन्ही दिवशी बीटा, एकाच लॅबमधून, कारण लॅब बदलली की आकडा बदलतो आणि उगाच घबराट होते. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसू शकतो, त्यावरून औषध फसलं असं धरायचं नाही. तुलना चौथ्या आणि सातव्याची. 15 टक्के उतरायला हवं. समज रविवारी 1,620 आलं, तर बुधवारी 1,377 किंवा त्याखाली पाहिजे. तेवढं उतरलं नाही तर दुसरा डोस, किंवा ऑपरेशन. उतरलं, तर दर आठवड्याला तपासणी, बीटा 5 च्या खाली जाईपर्यंत. याला चार-सहा आठवडे लागू शकतात, आणि मध्येच सोडून द्यायचं नाही. आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते.

तिसऱ्या ते सातव्या दिवसांत थोडी पोटदुखी होते, गर्भ सुटत असतो. ती दुखणी आणि नळी फुटल्याची दुखणी ओळखायची कशी? पॅरासिटामॉलने तासाभरात थांबत नसेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, झोपल्यावर खांद्याच्या टोकाला दुखत असेल, सारखं शौचाला आल्यासारखं वाटत असेल, तर फोन करत बसू नकोस, तिला थेट हॉस्पिटलला ने. खांदा यासाठी दुखतो की साठलेलं रक्त वर, छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागतं. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, आधी नाडी वाढते. घरातला ऑक्सिमीटर काढून ठेव, त्यावर नाडी दिसते. बसलेली असताना नाडी 100 च्या वर राहिली तर ते लक्षण आहे. निघताना पाणीही देऊ नकोस, भूल द्यावी लागेल.

म्हणूनच विरारला राहू नका, इथे दादरला या, निदान बुधवारपर्यंत तरी. विहीणबाईंना चिपळूणला आराम करायला न्यायचं आहे, त्यांना मी समजावते. माणूस प्रेमाने म्हणतो, पण तिथून ऑपरेशन थिएटर गाठेपर्यंत वेळ जाईल. इथून परळची हॉस्पिटलं जवळ. मात्र भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की वाटेत हिंदमाताला पाणी तुंबतं, म्हणून माहीमच्या बाजूचंही एक हॉस्पिटल ठरवून ठेव, जिथे रात्री भूलतज्ज्ञ येतो आणि रक्त मिळतं. 108 ला फोन केला तर ॲम्ब्युलन्सचे पैसे लागत नाहीत.

ती बी निगेटिव्ह आहे. हा गट सहज मिळत नाही, जवळच्या दोन रक्तपेढ्यांत आधीच विचारून ठेव. तू पॉझिटिव्ह असल्यामुळे अँटी-डी इंजेक्शनचाही प्रश्न आहे, म्हणजे पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ न देणारं इंजेक्शन. ऑपरेशन झालं तर 72 तासांत द्यायचं असतं. नुसत्या मेथोट्रेक्झेटनंतर सगळे डॉक्टर देत नाहीत, आपल्या डॉक्टरांचं मत सकाळीच विचार.

ऑपरेशन लागलंच तर बहुधा नळी काढतील. दुसरी नळी चांगली असेल तर नळी चिरून वाचवण्यात विशेष फायदा नाही, उलट उरलेल्या पेशींसाठी पुन्हा बीटा करत बसावं लागतं. एका नळीवर मूल होतं.

मेडिकलमधून मिळणाऱ्या गर्भपाताच्या किटबद्दल शेजारची कोणी बोलली, असं मधुरा म्हणाली. त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भासाठी. नळीत असेल तर अंगावरून जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि दहा दिवसांनी ती बेशुद्ध पडते.

पुढचं मूल तीन महिन्यांनंतरच. तेव्हा पाळी चुकली की सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी. पुन्हा नळीत राहण्याचा धोका शंभरात दहाच्या आसपास असतो. मधल्या काळात नळ्या का बिघडल्या हे बघायला हवं. आपल्याकडे जननेंद्रियांचा टीबी हे एक मोठं कारण आहे आणि खोकल्याशिवायही तो असतो.

तिला ‘वय आहे अजून’ असं सांगू नकोस. दोन आठवड्यांपूर्वी तुम्ही नाव शोधत होतात.

रविवारी लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते उद्या आधी विचार. बऱ्याच ठिकाणी दुपारी बंद होते. सोनोग्राफीला पुन्हा जावं लागलं तर तिचं आधार कार्ड बरोबर घे. जुने रिपोर्ट तारखेने लावून ठेव, बीटाचे आकडे पहिल्या पानावर एकाखाली एक.

तुझी,
आई