तुझ्या त्या पांढऱ्या डबीविषयी

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दीड वर्षाने पत्र लिहिते आहे आणि सुरुवातच क्षमा मागून करते आहे, तेव्हा हिचे काहीतरी काम निघालेले दिसते असे तू म्हणशील. काम निघालेलेच आहे. तुझी दोन्ही पत्रे वेळेवर मिळाली होती. उत्तर लिहायला बसावे तर मध्येच काहीतरी उपटायचे, मग उशीर झाल्याची लाज वाटायची, आणि लाजेपायी आणखी उशीर व्हायचा. आम्ही सर्व बरे आहोत. माझा खांदा दुखतो, ह्यांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. प्रकृतीविषयी एवढे पुरे.

गेल्या महिन्यात जे घडले ते तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. सईच्या शाळेचे नाटक होते आणि तिला म्हाताऱ्या चेटकिणीचे काम मिळाले होते. रात्री घरी आली ती चेहऱ्यावर हिरव्या-काळ्या रंगाचा जाड थर घेऊनच. तिने साबणाने तीन वेळा तोंड धुतले. रंग गेला नाही, फक्त कानांपर्यंत पसरला, आणि त्याच्याखालची कातडी लाल होऊन चुरचुरू लागली. मी न्हाणीघराच्या दारात उभी राहून "अजून घास, अजून घास" असे सांगत होते. चौथ्या वेळी ती रडकुंडीला आली, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला आणि त्यापाठोपाठ तुझा. "वसू, अगं कोरड्या तोंडाला क्रीम चोळ, पाण्याला हात लावू नकोस."

घरात कोल्ड क्रीमची एक डबी होती, तीही माझ्या भेगाळलेल्या टाचांसाठी आणलेली. सईचा चेहरा आधी टिपून कोरडा केला, बोटभर क्रीम घेऊन हलक्या हाताने गोल गोल फिरविले, आणि मिनिटभरात तो सगळा रंग लोण्यासारखा सुटून आला. मऊ फडक्याने पुसून काढला. सई आरशात बघतच राहिली. मग तिने विचारले, "आई, हे तुला कोणी शिकवले?" मी म्हटले, "कुमुदमावशीने." त्यावर ती म्हणाली, "कोण कुमुदमावशी?"

कुमुद, त्या दोन शब्दांनी मला जे लागले ते तुला सांगायला नको. तू तिला शेवटचे पाहिलेस तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता चौदावे लागले आहे. इतकी वर्षे या घरात तुझे नाव माझ्या तोंडून पुरेसे निघाले नाही, याचा दुसरा पुरावा नको.

त्या रात्री मला झोप आली नाही. स्नेहसंमेलनाची ती रात्र आठवत राहिली. तू तुझी पांढरी डबी घेऊन सगळ्यांच्या चेहऱ्यावरचे रंग काढीत होतीस, आणि स्वतःच्या तुकतुकीत कपाळावर क्रीम लावायला घेतलेस तेव्हा मी दहा जणींदेखत म्हटले होते, "तेलाच्या घाणीला वरून आणखी तेल कशाला?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आणि नंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. माझी त्वचा तुझ्याइतकीच तेलकट होती, हे त्या हसणाऱ्यांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही, कारण मी दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धूत असे. चोवीस वर्षांनी तुझ्यापुढे नाक घासते आहे. नाक घासण्याचा सराव मला तेव्हापासूनचाच आहे, हे तू जाणतेसच.

वाईट याचे वाटते की तेव्हा मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. समान पदार्थ समान पदार्थात विरघळतो, हे मी परीक्षेत चार गुणांसाठी लिहिले होते. नाटकाचा रंग तेलात आणि मेणात खललेला असतो, त्याला पाणी कसे काढणार? तेलानेच तेल सुटते. काट्याने काटा काढावा तसा हा प्रकार, आणि तो तुला पदवीवाचून कळला होता. तो कोल्ड क्रीमचा प्रयोग तुला आठवत असेलच. मधमाश्यांचे मेण आणि तेल एका चंचुपात्रात तापवायचे, दुसऱ्यात टाकणखाराचे पाणी तितकेच गरम करायचे, आणि दोन्हींचे तापमान सारखे असताना एकात दुसरे ओतून ढवळत राहायचे. मेणातील आम्लांचा टाकणखाराशी संयोग होऊन साबण तयार होतो आणि तोच पाणी व तेल यांना एकत्र धरून ठेवतो. मी पाणी थंडच ओतले आणि सगळे नासून रवाळ झाले. मी ते फेकायला निघाले होते. तू मात्र ते कागदात बांधून नेलेस आणि महिनाभर कोपरांना लावलेस. (त्याला रॉकेलचा वास येतो अशी तुझी तक्रार होती. तो वास स्टोव्हचा होता, हे आज पुन्हा एकदा नमूद करते.)

हे क्रीम मूळचे रोममधील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर सांगतात. दुसऱ्या शतकातील त्याची कृती म्हणजे मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबाचे पाणी. टाकणखार त्यात फार पुढे आला, त्यामुळे गॅलेनचे क्रीमही माझ्यासारखेच लवकर नासत असावे, असे मानून मी स्वतःचे समाधान करून घेते. त्यातील पाणी कातडीवर लावल्यावर उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून ते गार लागते आणि म्हणूनच ते 'कोल्ड'. सईला हे सांगितले तेव्हा तिला गंमत वाटली. पण माझी खरी चिंता वेगळीच आहे आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

सई अगदी माझ्यासारखी वागते आहे. गेले सहा महिने शाळेत जाण्यापूर्वी, आल्यावर, खेळून आल्यावर, अभ्यासाच्या मध्ये आणि झोपण्यापूर्वी तिचे तोंड धुणे चालू असते. दप्तरात टिपकागद असतात. कपाळावर आणि हनुवटीवर मुरुमे आहेत, नाकाच्या कडांना कातडी सुटते आहे, आणि त्या सुटलेल्या कातडीखालून दोन तासांत पुन्हा तेल झिरपते. तेलही गेले, तूपही गेले म्हणावे, तर तेल कोठेच गेलेले नसते; गेले ते भलतेच. त्वचेच्या वरच्या थरातील जी स्निग्ध द्रव्ये आतील ओलावा धरून ठेवतात, ती साबणाने निघून जातात. त्वचा स्वभावाने किंचित आम्लधर्मी, तिचा सामू (पीएच) साधारण पाचच्या आसपास, तर साध्या वडीच्या साबणाचा नऊ-दहाच्या घरात, म्हणजे उलट अल्कधर्मी. म्हणून चेहरा एकाच वेळी तेलकट आणि कोरडा होऊ शकतो. तेल जास्त असणे आणि पाणी कमी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजले.

आता तुझी एक चूकही सांगते, नाहीतर हे पत्र माझे आहे यावर तुझा विश्वास बसणार नाही. तू नेहमी म्हणायचीस की तोंड फार धुतले की ग्रंथी चिडून दुप्पट तेल करतात, आणि वरून तेल लावले की त्यांना वाटते पुरे झाले. तसे नसते. तैलग्रंथी आपल्या शरीरातील अँड्रोजेन संप्रेरकांचे ऐकतात. साबणाचे ऐकत नाहीत आणि तुझ्या डबीचेही ऐकत नाहीत. वयात येताना त्या जोमाने कामाला लागतात, हेच सईचे झाले आहे. कोल्ड क्रीम तेल बंद करीत नाही, ते फक्त साचलेले तेल आणि मळ न ओरबाडता सोडविते. तेव्हा त्या वादात तू अर्धी जिंकलीस असे समज.

उरलेले अर्धे मी कसे शिकले तेही ऐक. सईच्या प्रसंगानंतर मला तुझ्या मताचा एवढा उमाळा आला की मी स्वतःच्या चेहऱ्यावर रोज रात्री खोबरेल तेल लावून झोपू लागले. नैसर्गिक आहे, मग भीती कसली? तीन आठवड्यांत कपाळभर बारीक दाणे उठले. खोबरेल तेल केसांना उत्तम, पण तेलकट चेहऱ्यावर रात्रभर ठेवले की पुष्कळांची रंध्रे तुंबतात. शिवाय भुवयांच्या मध्ये आणि नाकाच्या बाजूला खाज सुटून पापुद्रे येऊ लागले. त्वचेवर मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट सर्वांच्याच वस्तीला असते, ते स्निग्धाम्लांवर जगते, आणि मी त्याला रोज रात्री पंगत वाढीत होते. हे सगळे ह्यांना सांगितले तर ते म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, उशीला वास कसला येतो."

शेवटी सईला आणि मला दोघींना त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे लागले. बाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी सईला मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचे सौम्य जेल दिले आहे (त्याने आमचे निळे टॉवेल आणि उशांचे अभ्रे ठिपक्याठिपक्यांनी पांढरे झाले, ते वेगळेच), आणि तोंड दिवसातून दोनदाच, साबणविरहित क्लेन्झरने धुवायला सांगितले आहे. कोल्ड क्रीमला त्यांची हरकत नाही, फक्त ते काढण्यासाठी लावायचे, ठेवण्यासाठी नाही. कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर फिरवून पुसायचे आणि लगेच क्लेन्झरने धुऊन टाकायचे. रात्रभर ठेवायचे तर टाचांवर ठेवावे, कारण तळव्यांना तैलग्रंथीच नसतात. म्हणजे माझी डबी मुळात योग्य जागी होती म्हणायची.

तेलांविषयी मी त्यांचे डोके बरेच खाल्ले. सगळी तेले एका माळेचे मणी नाहीत. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात काही आठवडे ते लावल्यावर त्वचेचा वरचा थर दुबळा झाल्याचे आढळले, तर सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. सूर्यफूल आणि करडई यांच्या नेहमीच्या वाणांत लिनोलेइक आम्ल अधिक असते, आणि मुरुमे असणाऱ्यांच्या त्वचेवरील तेलात नेमके हेच आम्ल कमी आढळते. जोजोबाला आपण तेल म्हणतो, पण ते खरे म्हणजे द्रवरूप मेण. आपल्या त्वचेच्या तेलातही साधारण चौथा हिस्सा अशाच मेणांचा असतो, त्यामुळे ते चेहऱ्यावर परके वाटत नाही. मात्र कोणते तेल रंध्रे किती बंद करते, याचे शून्य ते पाच असे जे आकडे सगळीकडे छापतात, त्यांतील बरेचसे सशाच्या कानावरील चाचण्यांतून आलेले आहेत, आणि सईचा चेहरा म्हणजे काही सशाचा कान नव्हे. म्हणून मी आता जबड्याच्या कडेला थेंबभर लावते, आठवडाभर वाट पाहते आणि मगच पुढे जाते. सध्या ओल्या चेहऱ्यावर जोजोबाचे दोन थेंब एवढाच माझा थाट आहे. टी ट्री तेलाच्या वाटेला न पातळ करता जाऊ नकोस. तू ते तुझ्या भाचीला सरळ बाटलीतून लावायला सांगितल्याचे पत्रात लिहिले होतेस. तिला आजच थांबव.

तुझ्या आईंचा गुडघा आता कसा आहे? नव्या घरातील ओल गेली का? विनयला नोकरी लागली हे वाचून फार आनंद झाला, त्याचे अभिनंदन वेगळे कळविते. तुझ्या बढतीचे काय झाले ते तू लिहिले नाहीस आणि मीही विचारले नाही, हे माझे चुकलेच.

पण सई. मी तिला हे सगळे सांगून पाहिले आहे. रसायनशास्त्र सांगितले, सामू सांगितला, डॉक्टरीणबाईंचा कागद आरशावर चिकटविला. ती मान हलविते आणि पंधरा मिनिटांनी नळाचा आवाज येतो. काल रात्री दार किलकिले होते म्हणून पाहिले, तर ती नाक घासत घासत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. "घाण" हा एकच शब्द मला ऐकू आला. तिच्या वर्गात तिला कोणी काही म्हटले असेल का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही, कारण असे शब्द दहा जणींदेखत कोण म्हणू शकते हे मला चांगले ठाऊक आहे. तू मात्र ते ऐकून घेतलेस, हसलीस, आणि दुसऱ्या दिवशीही ती डबी बिनदिक्कत खिडकीत ठेवलीस. हे कसे जमले ते तू मला कधी सांगितले नाहीस. मला नको सांगूस, तिला सांग.

म्हणून सुट्टीत चार दिवस ये. येताना डबी आण. तिच्यासमोर बसून तुझ्या नेहमीच्या पद्धतीने तोंड पूस, आणि गॅलेनचे नाव काढू नकोस, ते तिने माझ्याकडून पुरेसे ऐकले आहे.

आपला वसतिगृहाच्या पायरीवरचा फोटो मी तिला काल दाखविला. तिने तो बराच वेळ उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "आई, मावशीच्या कपाळावर ऊन पडले आहे का?" मी हो म्हटले आहे. तेवढे सांभाळून घे.

तुझीच,
वसू